‘बोलत का नाही?’ विचारणाऱ्यांबरोबर रत्नागिरी

रत्नागिरीहून परत येऊन पंधरवडा झाला. शेजारणी फोटो पाहून गेल्या. समुद्र कसा होता, मोदक खाल्लेत का, मासे महाग झालेत का, सगळं विचारून झालं. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांनी तो भाग पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. जानेवारीच्या अखेरीला, आंब्यांना मोहोर असतो तेव्हा जावं. फक्त कुणाबरोबर जाताय ते आधी बघावं.

मी सोलापूरची. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे. बरोबर माझी मुलगी होती, मुक्ता. पुण्यात एका औषधांच्या कंपनीत ती गुणवत्ता तपासणीचं काम करते. मुक्ता कमी बोलते. कमी म्हणजे लागेल तेवढं. तिच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण बोलत नाही’ असा शेरा असायचा. जणू हुशारीला लागलेला तो एखादा रोगच. लग्नासाठी स्थळं आली तेव्हा एका बाईंनी माझ्या घरात, माझा चहा पीत मला विचारलं होतं, “मुलगी घुमी आहे का हो?”

सहलीच्या आधी काही दिवसच तिची बढती हुकली होती. गोळ्यांच्या एका पाकिटावर छापलंय एक आणि आत आहे दुसरंच, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिनं तो सगळा माल जागीच थांबवला आणि वरती कळवलं. पुढच्या बैठकीत हीच हकीकत तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलानं पडद्यावर चित्रं दाखवून, हशा पिकवत सांगितली. बढती त्याला मिळाली. मुक्ताला साहेब म्हणाले, “तुझं काम उत्तम आहे, पण तू दिसत नाहीस.” दिसत नाहीस! ती चुकीची गोळी ज्याच्या पोटात जाणार होती, त्या माणसाला विचारा कोण दिसायला हवं होतं ते.

मुक्ता एवढंच म्हणाली, “आई, मला थोडे दिवस समुद्र बघायचाय. कुणाशी बोलायचं नाहीये.”

आणि मी, गाडी-मुक्काम-जेवणाची कटकट नको म्हणून, सहल कंपनीची बस ठरवली.

आंबा घाट उतरताना

पुण्याहून निघालेल्या बसमध्ये सागर नावाचा व्यवस्थापक होता. त्याच्या हातात माइक होता, आणि तो झोपतानाही उशाशी घेत असावा अशी मला शंका आहे. कोल्हापूर मागे पडलं तशी त्यानं ओळखपरेड सुरू केली. प्रत्येकानं उठून नाव, गाव आणि ‘आपली खासियत’ सांगायची. कुणी गाणं म्हटलं, कुणी बायकोची नक्कल केली. मुक्ता उठली, नाव सांगितलं आणि बसली.

“मॅडम, एवढंच?” सागर माइकवरून म्हणाला. “आवाज काय कंपनीत जमा करून आलात?”

बस हसली. मुक्ता खिडकीबाहेर बघत राहिली. माझे मात्र कान तापले. तिथेच बसून मी मनात शब्द मोजायला लागले. आपल्या भाषेत कमी बोलणाऱ्याला काय म्हणतात? घुमा. मुखदुर्बळ. माणूसघाणा. आतल्या गाठीचा. शिष्ट. आणि जो बोलायचा थांबतच नाही तो? मनमोकळा. बोलका. दिलखुलास. फार तर बडबड्या, तेही लाडानं. कुणी ठरवलं हे? नक्कीच कुणा बोलणाऱ्यानं. बाकीच्यांना कुणी विचारलंच नसणार.

आमच्या शेजारच्या सीटवर पिंपरीचे राजेंद्र आणि त्यांचे वडील होते. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. राजेंद्रनी माइक घेऊन ओळख करून दिली, “हे आमचे अण्णा. आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवलं. मागच्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. पण एन्जॉय करतात हं सगळं!”

सागर अण्णांच्या कानाशी वाकून ओरडला, “अण्णा, मजा येतेय ना?”

अण्णा बहिरे नव्हते. त्यांनी डोकं मागे घेतलं, ओठ जुळवले आणि म्हणाले, “ना… ना…”

“अरेच्चा, नाही म्हणतात!” पुन्हा हशा.

घाट उतरताना मला वर्गात शिकवलेलं सगळं डोळ्यांनी दिसलं. आमची काळी, भेगाळलेली माती मागे राहिली आणि रस्त्याच्या दोन्ही कडा तांबड्या झाल्या. घरांच्या भिंती, बागांच्या कुंपणाचे गडगे, विहिरीचे कठडे, जिथं बघावं तिथं जांभा दगड. हवेत मोहोराचा वास भरून राहिलेला. मुक्तानं खिडकी उघडली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. लगेच मागून कुणीतरी विचारलं, “बरं नाही का तिला?”

गणपतीपुळे, जयगड

मुक्काम रत्नागिरीत होता. सकाळी नाश्त्याला घावन आणि नारळाची चटणी होती. घावन जिभेवर विरघळून जातं. आमची कडक भाकरी ज्याला निग्रहानं चावावी लागते, त्या माणसाला हे जेवण म्हणजे थट्टाच वाटते, पण गोड थट्टा. मी चार खाल्ली.

गणपतीपुळ्याला बस थांबली तेव्हा राजेंद्रनी वडिलांना विचारलं, “अण्णा, दर्शनाला येताय?”

“ना…”

“नको म्हणतात. बसू दे त्यांना गाडीतच, उगाच त्रास.” आणि राजेंद्र उतरून गेलेसुद्धा. वाईट माणूस नव्हता तो. वडिलांना वेळेवर गोळ्या द्यायचा, तोंड पुसायचा, स्वेटर चढवायचा. पण प्रश्न विचारून होईतो त्याच्याकडे उत्तर तयार असायचं.

मुक्ता दारातून मागे वळून बघत होती. “आई, ते मान हलवत नाहीत.”

“म्हणजे?”

“नाही म्हणताना माणूस मान हलवतो. ते हलवत नाहीत. नुसतं समोर बघतात.”

ती दर्शनाला आली नाही. बसमध्ये त्यांच्या शेजारी बसून राहिली. मी परत आले तेव्हा दोघं खिडकीतून समुद्र बघत होते. सागर म्हणाला, “वा! मौनीबाबांची जोडी जमली!” मी त्याच्याकडे जे बघितलं ते नववी ‘क’च्या मुलांना ओळखीचं आहे. त्याच्यावर परिणाम झाला नाही.

जयगडला बससकट फेरीबोटीत चढायचं असतं. खाडी ओलांडून पलीकडे तवसाळला उतरायचं आणि पुढं हेदवी. एका बाजूला बंदराच्या अजस्र क्रेन, दुसऱ्या बाजूला मासेमारीच्या होड्या, मध्ये हिरवंनिळं पाणी. आमच्याकडे पाणी म्हटलं की हिप्परग्याचा तलाव. मला तर बघत राहावंसं वाटत होतं. पण सागरनं बोटीवरच टाळ्यांचा खेळ सुरू केला, आणि जो टाळी चुकेल त्यानं नाचायचं.

अण्णा कठड्याला टेकून उभे होते. एकाएकी त्यांनी डावा हात उचलून दक्षिणेकडे, उघड्या समुद्राकडे दाखवलं. “ना… ना…” या वेळी आवाज मोठा होता. डोळ्यांत पाणी होतं.

“पाण्याची भीती वाटते त्यांना,” राजेंद्र म्हणाले आणि त्यांना धरून बसमध्ये घेऊन गेले. माणूस बोट दाखवून, ओरडून, रडून सांगतोय, आणि त्याला भीती वाटते म्हणून आत बसवायचं! मुक्ताचा चेहरा पांढरा पडला होता. तिला राग आला की ती अशी पांढरी पडते. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात.

हेदवी

हेदवीचं दशभुजा गणपतीचं देऊळ उंचावर आहे. पायऱ्या चढून सगळे वर गेले. अण्णा खालीच राहणार होते, मुक्ताही थांबली. मी दर्शन घेऊन लवकर उतरले, कारण पुढं सागर देवळाच्या आवारात समूहगीत घेणार होता.

सावलीतल्या एका कट्ट्यावर दोघं बसले होते, हातात कोकम सरबताचे पेले. मी शेजारी टेकले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “शे…”

“शेंगा?” मी सोलापूरची, मला दुसरं काय सुचणार. पर्समध्ये हात घातला. मुक्तानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. गप्प बस, असा त्याचा अर्थ.

मी गप्प बसले. आणि खरं सांगते, गप्प बसणं म्हणजे काय असतं हे त्या कट्ट्यावर मला कळलं. ते रिकामं बसणं नव्हे. मुक्ता त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत नव्हती, घड्याळ बघत नव्हती, ‘हं, बोला बोला’ असं उत्तेजनही देत नव्हती. ती नुसती होती. जगातलं दुसरं कुठलंही काम नसल्यासारखी तिथं होती. अण्णांच्या कपाळावर घाम आला. ओठ दोनदा जुळले, सुटले. माझ्या जिभेवर शेव, शेत, शेजारी, सगळे शब्द येऊन गेले. मी ते गिळले.

“शे… वं… ती,” अण्णा म्हणाले.

“शेवंती,” मुक्तानं म्हटलं. पुढं काही विचारलं नाही.

पुन्हा बराच वेळ. मग तोच डावा हात वर. “ना… ना… टे.”

मी भूगोलाची बाई. “नाटे!” मी उडालेच. “राजापूर तालुक्यात, समुद्रावर! अण्णा, तुम्ही नाट्याचे?”

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. होकाराची. आल्यापासून मी पहिल्यांदा त्यांना मान हलवताना बघत होते. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. ‘मजा येतेय ना’, ‘दर्शनाला येताय’, प्रत्येक वेळी हा माणूस आपल्या गावाचं नाव सांगत होता. आणि प्रत्येक वेळी भरल्या बसनं त्याचा नकार लिहून घेतला होता.

राजेंद्र उतरून आले तेव्हा मुक्तानं त्यांना सांगितलं, “अण्णांना नाट्याला जायचंय. शेवंतीकडे.”

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “शेवंती माझी आत्या. पण अण्णांचं तिच्याशी बोलणं नाही. आजी गेली तेव्हा अण्णांना पोचायला उशीर झाला. आत्या म्हणाली, आता येऊ नको. तेव्हापासून नाट्याचं नाव काढलेलं अण्णांना चालायचं नाही. मला वाटलं…” ते थांबले. “नाही हो, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. त्यांना समजत नाही आता.”

“समजतं,” मुक्ता म्हणाली. “शब्द सापडायला वेळ लागतो.”

सागरला सांगितलं तर तो म्हणाला, नाटे कार्यक्रमात नाही. उद्या सकाळी किनाऱ्यावर खेळ आहेत, सगळ्यांनी हवंच, ग्रुपची भावना तयार होत असते. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “ग्रुपमधला एक माणूस आल्यापासून एकच शब्द सांगतोय आणि तुमच्या ग्रुपला तो ऐकू आला नाही. कसली भावना तयार करताय? आम्ही गाडी करून जातोय. तुम्ही खेळा.”

नाटे

सकाळी रत्नागिरीतून गाडी घेऊन निघालो. अण्णा पुढं ड्रायव्हरशेजारी, मागे राजेंद्र, मी आणि मुक्ता. पावस गेलं, पूर्णगडाची खाडी ओलांडली. रस्ता कधी समुद्राला चिकटून जातो, कधी उघड्या सड्यावर चढतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट माळरान. त्यावर वाळलेलं पिवळं गवत आणि मध्येच कलमांची बाग, तिला दगडी गडगा. राजेंद्र सारखे म्हणत होते, आत्यानं दार लावून घेतलं तर काय करायचं. वडिलांना पुन्हा झटका आला तर जबाबदारी कुणाची, हेही दोनदा विचारून झालं. भीती खरी होती. मलाही होती, म्हणून मी जास्त जोरात धीर देत होते. मुक्तानं निघण्याआधी अण्णांच्या डॉक्टरांचा नंबर मागून घेतला होता आणि वाटेतल्या दवाखान्याची चौकशी करून ठेवली होती. हे आम्हाला ड्रायव्हरकडून कळलं.

गावात शिरल्यावर राजेंद्रनी कुणाला तरी पत्ता विचारायला काच खाली केली. गरज पडली नाही. अण्णांचा डावा हात वर झाला, डावीकडे. मग सरळ. मग उतारावरून खाडीच्या बाजूला. एका कौलारू घरासमोर तो हात खाली आला.

अंगणात जाळीखाली कोळंबीचे सोडे वाळत घातले होते. एक बारकी, ताठ म्हातारी त्यांच्यावरचे कावळे हाकत होती. तिनं गाडी पाहिली. राजेंद्र आणि ड्रायव्हर अण्णांना धरून उतरवत होते. ते बघता बघता तिचा हात हवेतच थांबला.

राजेंद्र घाईघाईनं पुढं झाले. “आत्या, मी राजू. ओळखलंस का? अण्णांना मागच्या वर्षी झटका आला, त्यांना बोलता येत नाही, आम्ही सहज इकडं आलो होतो तर म्हटलं, म्हणजे तुझी इच्छा नसेल तर आम्ही लगेच—”

“तू गप रे जरा,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “बोलू दे त्याला.”

राजेंद्र गप्प झाले. आम्ही सगळेच. खाडीवर एका होडीचं इंजिन तेवढं फुटफुटत होतं. अण्णा दोन माणसांच्या आधारानं उन्हात उभे आणि ती समोर, मध्ये सोड्यांची जाळी. ती वाट बघत होती. घाई नाही, मदत नाही.

“शे… वं… ते,” अण्णा म्हणाले.

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. “इतक्या वर्सांनी वाट गावली तुला,” ती म्हणाली. मग जाळी ओलांडून आली आणि राजेंद्रच्या हातातून भावाचा हात आपल्या हातात घेतला. “उन्हात उभा रव नको. चल आत.”

आमच्याकडे असा भाऊ आला असता तर गल्ली गोळा झाली असती. रडारड, मिठ्या, जुनी भांडणं उकरून पुन्हा मिटवणं, आणि त्यावर चहा. इथं ओटीवर दोघं शेजारी बसले आणि बराच वेळ एक शब्द नाही. मध्येच अण्णा म्हणाले, “आ… ई.” शेवंतीआत्या म्हणाली, “माझ्याच तोंडातून गेला शब्द. येऊ नको म्हटलं मी. मग तूही खरा धरलास तो.” पुन्हा शांतता. पण ती शांतता अवघडलेली नव्हती. आम्हीच तिच्यात अवघडलो होतो.

मुक्ता उठून स्वयंपाकघरात गेली. आत्यानं तिला खोबरं खवायला दिलं. मी दारातून बघितलं. दोघी पाठमोऱ्या, एक खवतेय, एक बांगडे साफ करतेय. तू कोण, लग्न झालं का, पगार किती, बोलत का नाहीस, काही नाही. जेवायला उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी होती. वाढताना आत्या मला म्हणाली, “तुझी पोर शहाणी आहे हां.” एकोणतीस वर्षांत माझ्या मुलीबद्दल पुढं ‘पण’ न जोडता मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. मी ताटात बघून जेवले.

निघताना आत्यानं सोड्यांची पिशवी राजेंद्रच्या हातात दिली. “शिमग्याला आण त्याला. आणि तू येशील तेव्हा एवढं बोलू नको.”

परतताना

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघालेल्या बसमध्ये बातमी पोचली होती. सागरनं माइक उचलला. “मंडळी, एक गोड बातमी! आपल्या मुक्ता मॅडमनी दोन दुरावलेल्या जिवांची भेट घडवली! म्हणजे बघा, आपल्या सहलीत सगळेच शेवटी बोलते होतात! मॅडम, येऊन दोन शब्द!”

टाळ्या पडल्या. मुक्तानं मानेनं नको म्हटलं. ‘दोन शब्द, दोन शब्द’ असा घोष सुरू झाला. मग मी उठले आणि माइक घेतला.

“ती बोलती झाली नाही,” मी म्हटलं. “ती जशी आली होती तशीच आहे. म्हणून तर ते घडलं. तिनं तुमच्यासारखी बडबड केली असती, तर अण्णा अजून ‘ना… ना…’ करत बसले असते आणि आपण हसत बसलो असतो. आणि दोन शब्दच हवे असतील तर माझे घ्या. पुरे आता.”

माइकचं बटण कुठं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी तो पर्समध्ये घातला. मुक्ता लाजून सीटमध्ये रुतली होती. “आई,” ती पुटपुटली, “एवढं कशाला?” मी म्हटलं, तू राहा तशीच. आरडाओरडा माझ्याकडे.

तिला बढती अजून मिळालेली नाही, हेही सांगून टाकते. साहेबांनी तिला उलट व्यक्तिमत्त्व खुलवण्याच्या शिबिरात नाव घालायला सांगितलं. तिनं ‘नको’ असं एका शब्दात कळवलं आणि दुसरीकडे अर्ज केला. कुणाला हवंय तिचं काम ते बघू.

साखरप्याला चहासाठी बस थांबली. राजेंद्र आमच्याजवळ आले. रात्री झोप झालेली दिसत नव्हती. “ताई,” ते मुक्ताला म्हणाले, “अण्णा तुम्हाला अजून काय काय म्हणाले? म्हणजे बसमध्ये, हेदवीला. आत्या सोडून?”

“बरंच म्हणाले.”

“काय?”

मुक्तानं थोडा विचार केला. “त्यांनाच विचारा ना.”

“मी विचारलं तर…” ते म्हणाले आणि थांबले. स्वतःच्या वडिलांबद्दल परक्या मुलीला विचारावं लागतंय, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं.

“वेळ लागतो,” मुक्ता म्हणाली. “पण येतं.”

ते दोन चहा घेऊन बसमध्ये चढले. मी खालून खिडकीतून बघत होते. त्यांनी वडिलांना कप धरून दिला, काहीतरी विचारलं, आणि तोंड मिटलं. अण्णांचे ओठ हलायला लागले.

तेवढ्यात सागरनं शिट्टी फुंकली. “चला, चला, घाट चढायचाय! सगळे आत!” लोक चुळा भरत, पुड्या सांभाळत बसच्या दाराकडे धावले. मी सगळ्यांच्या पुढं होते. पायरीवर चढले आणि दारातच उभी राहिले.

“काकू, चला ना आत, उशीर होतोय.”

“माझा चहा संपला नाही अजून,” मी म्हटलं. कप केव्हाच रिकामा झाला होता. मी तो तोंडाला लावला आणि दार अडवून, सावकाश प्यायला लागले.